फुकट नको, मुक्तद्वार हवे

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. माझी भाची ज्या कॉलेजात शिकते, तिथल्या चित्रपट मंडळाने फाटकाबाहेर एक फलक लावला होता. वर मोठ्या अक्षरांत 'आंतरराष्ट्रीय चित्रपट', त्याखाली 'बायसिकल थीव्ज', मग वार, वेळ, सभागृहाचे नाव, आणि सर्वांत खाली लाल अक्षरांत 'प्रवेश विनामूल्य. सर्वांचे हार्दिक स्वागत.' भाचीने घरी येऊन ही वार्ता सांगितली, आणि तिच्या आईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, त्या दिवशी चारच्या चहाबरोबरच रात्रीचा स्वयंपाक उरकून घेतला. ठेवणीतली नव्हे, पण बरी म्हणावी अशी साडी नेसली. मलाही बोलावून घेतले. "कॉलेज सोडलं त्याला पस्तीस वर्षं झाली रे," असे रिक्षात ती दोनदा म्हणाली.

फाटकावर वॉचमन उभा होता. भाचीने गळ्यातले कार्ड दाखवले. ती आत गेली.

"मावशी, तुमचं कार्ड?"

"माझं कसलं कार्ड? मी हिची आई."

"पालक का? पालकांची मीटिंग आज नाही. शनिवारी आहे."

ताईने फलकाकडे बोट केले. त्याने तो वाचला, बहुधा प्रथमच, आणि अगदी शांतपणे म्हणाला, "ते आतल्या सर्वांसाठी आहे."

भाची धावत जाऊन मंडळाच्या चिटणिसाला घेऊन आली. मुलगा मोठा नम्र. तो हात जोडून म्हणाला, "सॉरी काका, वरून सूचना आहे. बाहेरच्यांना सोडता येत नाही." आम्ही परत फिरलो. वॉचमनवर माझा राग नाही. त्याला सांगितले ते त्याने केले, आणि 'सर्व' ह्या शब्दाचा तिथे चालणारा खरा अर्थ सांगितला, हा त्याचा उपकारच समजतो. माझ्या डोक्यात राहिले ते ताईचे परतीच्या रिक्षातले वाक्य. "तिकीट असतं तर काढलं असतं की. फुकट होतं, मग भांडणार कशाच्या जोरावर?"

वाचकहो, ह्या एका वाक्यावर आज लिहावयाचे आहे. ऐन दिवाळीत भांडण कसले काढता, असे कोणी म्हणेल. परंतु हे भांडण घरातल्या साऱ्यांचे आहे, आणि घरातली सारी माणसे एका ठिकाणी वाचावयास बसतात ती ह्याच दिवसांत.

आपल्याकडे 'फुकट' ह्या शब्दाला दोन वास आहेत. देणाऱ्याच्या तोंडी तो उपकाराचा शब्द असतो. घेणाऱ्याच्या तोंडी ओशाळेपणाचा. फुकट मिळते त्यावर हक्क सांगता येत नाही, त्यात खोट काढता येत नाही, आणि देणाऱ्याने ऐनवेळी हात मागे घेतला तर हू की चू करता येत नाही. 'फुकट ते पौष्टिक' अशी आपण चेष्टा करतो, ती घेणाऱ्याची. देणाऱ्याला मात्र कोणी विचारीत नाही की बाबा रे, तू जे फुकट म्हणून वाटतोस ते मुळात कोणाचे?

ह्या शब्दावर उतारा म्हणून दुसरा एक शब्द आपल्याच जुन्या माणसांनी घडवून ठेवला आहे. तो शब्द 'मुक्तद्वार'. गावोगाव मुक्तद्वार वाचनालये निघाली. लांब टेबलावर वर्तमानपत्रे पसरलेली, बाकावर पेन्शनर आणि बेकार तरुण शेजारी शेजारी बसलेले; कोण तुम्ही, कुठले, कार्ड आहे का, अशी पृच्छा नाही. पेपर फाडू नये आणि मोठ्याने वाचू नये, एवढाच काय तो नियम. तिथे जाणारा कोणी स्वतःला फुकट्या समजत नाही. दार उघडे आहे म्हणजे ते आपल्यासाठीच उघडे आहे, हे तो गृहीत धरतो. फुकटात दात्याचा हात वर असतो. मुक्तद्वारात दोघेही एकाच उंबरठ्यावर उभे असतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, महाविद्यालयात दाखवला जाणारा विनामूल्य चित्रपट हा मुक्तद्वार असला पाहिजे. निदान विद्यार्थ्यांच्या घरच्या माणसांस तरी तिथे हक्काने बसता आले पाहिजे, आणि जिथे जमेल तिथे गावालाही. हे बोलून दाखवले की पाच आक्षेप पुढे येतात. ते एकेक करून पाहू.

पहिला आक्षेप कायद्याचा. प्राचार्यांपासून चिटणिसापर्यंत सारे हा हुकमाचा एक्का टाकतात. "आमची फार इच्छा आहे हो, पण कॉपीराइट!" एवढे म्हटले की समोरचा गप्प बसतो. मी वकील नव्हे, परंतु मला वाचता येते. १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा उघडावा आणि त्याचे बावन्नावे कलम पाहावे. शिक्षणसंस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून चित्रपट दाखवला, तर हक्कभंग होत नाही, असे तिथे म्हटले आहे. अट एकच, की प्रेक्षक ठराविक असावेत. कोण ते? संस्थेचे शिक्षक व कर्मचारी, विद्यार्थी, विद्यार्थ्यांचे आईवडील व पालक, आणि संस्थेच्या कामाशी संबंध असलेली माणसे. आईवडील व पालक! हे शब्द कायद्यात स्पष्ट घातलेले आहेत. म्हणजे ज्या कायद्याच्या नावाने ताईला फाटकावरून परत पाठवले, त्याच कायद्याने तिच्यासाठी खुर्ची राखून ठेवली होती. दिल्लीच्या संसदेला जी आई दिसली, ती आमच्या कॉलेजच्या फाटकाला दिसली नाही.

आता गावाचे काय? इथे मात्र आक्षेप खरा आहे, आणि तो मी मान्य करतो. ज्याचा कॉलेजशी काही संबंध नाही अशा माणसाला बसवायचे, तर चित्रपटाच्या हक्कदाराची परवानगी हवी; प्रवेश विनामूल्य ठेवला म्हणून ती गरज टळत नाही. पण परवानगी मागितली पाहिजे आणि परवानगी मिळत नाही, ह्या दोन वाक्यांत पुष्कळ अंतर आहे. आपल्याकडे चित्रपटावरचा हक्क तो प्रसिद्ध झाल्याच्या पुढल्या वर्षापासून साठ वर्षे चालतो. 'बायसिकल थीव्ज' १९४८ चा, कुरोसावाचा 'राशोमोन' १९५० चा, आपला 'पथेर पांचाली' १९५५ चा. हिशेब ज्याचा त्याने करावा, आणि शंका असेल तर कॉलेजात कायद्याचे प्राध्यापक असतात, त्यांना कामाला लावावे. नव्या चित्रपटांसाठी पुण्यामुंबईत मॅक्स म्युलर भवन आहे, आलियाँस फ्राँसेज आहे. आपापल्या देशाची भाषा आणि कला इथल्या माणसांपर्यंत पोचवणे हेच त्यांचे काम. त्यांच्याकडे एक साधे पत्र तरी गेले काय? पत्र न लिहिता कायद्याच्या नावाने दार लावून घेणे हा निव्वळ आळस आहे.

दुसरा आक्षेप संस्कृतिरक्षकांचा. "परदेशी चित्रपट हवेतच कशाला? आपल्या मुलांनी आपले पाहावे." ह्या मंडळींना मी नाशिकच्या एका ब्राह्मणाची आठवण करून देतो. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत एका तंबूवजा चित्रगृहात येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा परदेशी चित्रपट लागला होता. धुंडिराज गोविंद फाळके तो पाहावयास गेले. पडद्यावर ख्रिस्त हिंडत होता आणि ह्या गृहस्थाच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण हिंडू लागले. मग त्यांनी काय केले? घरी येऊन पत्नीला, सरस्वतीबाईंना, तोच चित्रपट पाहावयास नेले. पुढे 'राजा हरिश्चंद्र' निघाला, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लोकांपुढे आला. तो निघत असताना साऱ्या मंडळींचा स्वयंपाक रांधणाऱ्या, फिल्मच्या कडेला भोके पाडण्याचे किचकट काम करणाऱ्या आणि दागिने गहाण टाकू देणाऱ्या सरस्वतीबाईच होत्या. हिंदी चित्रपटसृष्टीचा जन्म परदेशी चित्रपट पाहून झाला, आणि तो पाहावयास घरातली बाई बरोबर होती. त्या तंबूच्या दारात कोणी "बाई, तुमचे कार्ड?" असे विचारले असते, तर आपल्या चित्रपटाचा इतिहास कुठून सुरू झाला असता, ह्याचा विचार संस्कृतिरक्षकांनी करावा.

आणि हा व्यवहार एकतर्फी थोडाच आहे? प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ साली निघाला. दामले-फत्तेलालांचे दिग्दर्शन, विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम. पुढल्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. देहूचा वाणी, भाषा मराठी, वेष मराठी. तरी तिथल्या माणसांनी 'हा परका, आम्हाला काय त्याचे?' असे म्हटले नाही. आपल्या तुकोबाने परक्यांच्या महोत्सवात मानाने मिरवावे, आणि त्यांच्याकडचा एखादा गरीब कामकरी आपल्या कॉलेजात आला तर त्याला पाहावयास घरच्या आईबापांना मज्जाव असावा, हा कुठला न्याय?

भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९५२ च्या जानेवारीत मुंबईस भरला. डी सिकाचा 'बायसिकल थीव्ज' आणि कुरोसावाचा 'राशोमोन' तिथे आपल्या लोकांनी पाहिले. पुढल्याच वर्षी बिमल रॉय ह्यांचा 'दो बीघा ज़मीन' आला आणि बलराज साहनी कलकत्त्याच्या रस्त्यावर रिक्षा ओढीत धावले. त्या रिक्षामागे रोमची ती सायकल आहे, हे सारे जाणतात. सत्यजित राय ह्यांनी तो इटालियन चित्रपट १९५० साली लंडनमध्ये पाहिला आणि पाच वर्षांनी 'पथेर पांचाली' दिला. त्यांनी इटली उचलून बंगालात आणली नाही. आपलेच खेडे नव्या डोळ्यांनी पाहिले. परदेशी चित्रपटाने माणूस परदेशी होत नाही. चांगला असेल तर तो माणसाला आपल्याच घरी परत आणून सोडतो.

तिसरा आक्षेप मोठ्या सौजन्याने घेतला जातो, म्हणून तो मला सर्वांत झोंबतो. "अहो, त्यांना कळणार नाही. भाषा परकी, खाली इंग्रजी अक्षरे. घरच्या बायका कंटाळतील." म्हणजे आमच्या बहिणीला काय कळेल हे विशीतल्या चिटणिसाने ठरवावयाचे! 'बायसिकल थीव्ज'ची सुरुवात आठवा. महायुद्धानंतरचे रोम. बेकार आंतोनिओला भिंतींवर जाहिराती चिकटवण्याचे काम मिळते, पण अट अशी की स्वतःची सायकल हवी, आणि सायकल तर गहाण पडलेली. त्याची बायको मारिया पलंगावरच्या चादरी ओढून काढते, धुते, गाठोडे बांधते आणि गहाणवटीच्या दुकानात नेऊन टाकते. त्या पैशातून सायकल सुटते. आता मला सांगा, हे कळावयास इटालियन भाषा यावी लागते काय? लग्नात मिळालेली भांडी ज्या घरांतून मोडीत गेली, मुलाच्या फीसाठी बांगड्या ज्या हातांतून उतरल्या, त्या घरांतल्या बाईला मारियाच्या चादरी ज्या प्रकारे कळतील, त्या प्रकारे त्या सभागृहातल्या दोनशे पोरांना कळावयास अजून वीस वर्षे जावी लागतील.

जपानच्या ओझूचा 'टोकियो स्टोरी' घ्या. चित्रपट १९५३ चा. म्हातारे आईवडील गावाहून शहरातल्या मुलांकडे राहावयास येतात. मुले वाईट नाहीत, कामात आहेत. आईबापांना कुठे ठेवावे, कोणी फिरवावे, ह्याची त्यांना अडचण होते, आणि विधवा झालेली सून तेवढी आपुलकीने वागते. हा जपान झाला काय? हे सातारा झाले, सांगली झाले, आणि मुलगा ज्यांचा न्यू जर्सीत आहे असे आमचे कितीतरी शेजारी झाले. हा चित्रपट फक्त विद्यार्थ्यांना दाखवणे म्हणजे पत्र ज्याच्या नावाने आले आहे त्याला सोडून पोस्टमनच्या मुलाला वाचून दाखवण्यासारखे आहे.

लोकांना कळत नाही म्हणणाऱ्यांनी कर्नाटकातल्या हेग्गोडू ह्या खेड्याचे नाव लक्षात ठेवावे. शिमोगा जिल्ह्यात, सागर तालुक्यात, सुपारीच्या बागांत दडलेले एवढेसे गाव. तिथे के. व्ही. सुब्बण्णा ह्यांच्या 'नीनासम' ह्या नाट्यसंस्थेने १९७३ साली चित्रपट मंडळ काढले, आणि बागाईत शेतकऱ्यांना, मजुरांना, बायकांना जगातले नामांकित चित्रपट दाखवले. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर आणि फिल्म इन्स्टिट्यूटचे प्राध्यापक सतीश बहादुर ह्यांनी त्यांना हात दिला. तिथल्या माणसांनी हे चित्रपट पाहिले आणि त्यांवर ती आपल्या भाषेत बोलली. सुब्बण्णांना १९९१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या देशात हेग्गोडूचा सुपारीवाला जगातला चित्रपट पाहू शकतो, त्या देशात पुण्याची पदवीधर गृहिणी कंटाळेल, हा निष्कर्ष कोणत्या शास्त्राचा?

मात्र एक गोष्ट हेग्गोडूपासून शिकण्याजोगी आहे. तिथे चित्रपट नुसता लावून दिला जात नसे. तो कन्नडमध्ये समजावून दिला जाई. आमच्या कॉलेजांतून दिवे मालवतात, चित्रपट लागतो, दिवे लागतात, आणि चार चष्मेवाले कोपऱ्यात उभे राहून इंग्रजीत चर्चा करतात. इथे आपल्या कीर्तनाची आठवण ठेवावी. कीर्तनाला तिकीट नसते, ओळखपत्र नसते. बुवा आधी पूर्वरंगात विषय मांडतात, संस्कृत श्लोक असेल तर त्याचे मराठी करून सांगतात, मग उत्तररंगात आख्यान लावतात. अक्षरशत्रू माणूससुद्धा तृप्त होऊन घरी जातो. चित्रपटालाही असा दहा मिनिटांचा पूर्वरंग हवा, आणि तो मराठीत हवा. देश कोणता, काळ कोणता, दिग्दर्शक कोण, आणि कोणत्या एका गोष्टीकडे लक्ष ठेवावे, एवढे सांगितले की पुरे. खालची इंग्रजी अक्षरे वाचता येत नाहीत अशा आजीसाठी मग शेजारची नात आहेच. आणि नातीला आजीसाठी हळू आवाजात गोष्ट सांगावी लागली, तर त्यात नातीचे नुकसान काही नाही.

चौथा आक्षेप आजच्या काळाचा. "आता कशाला ती सभागृहे? सारे जग मोबाइलमध्ये आले आहे. घरी बसून पाहा." खरे आहे, आले आहे. परंतु ते आमच्या हाती कोणत्या क्रमाने येते? ज्याने काल मारामारी पाहिली त्याला आज दुसरी मारामारी पुढे केली जाते, आणि ज्याने रडका कौटुंबिक तमाशा पाहिला त्याला आणखी तीन. दुकानदाराने गिऱ्हाईकाची आवड ओळखून तोच माल पुन्हा पुन्हा पुढे करावा, हा त्याचा धंदा आहे. त्याबद्दल त्याला बोल लावीत नाही. पण शाळा-कॉलेजांचे काम नेमके ह्याच्या उलट आहे. जे मागितले नाही, ज्याची आवड अजून उत्पन्न झालेली नाही, ते पुढे ठेवणे ह्यालाच शिक्षण म्हणतात. इराणच्या कियारोस्तमीचा १९८७ सालचा एक चित्रपट आहे. चुकून आपल्या दप्तरात आलेली मित्राची वही परत करण्यासाठी एक लहान मुलगा शेजारचे गाव धुंडाळतो. बस्स, एवढीच गोष्ट. ती आपण होऊन किती घरांतून शोधली जाईल? पण एकदा कोणी समोर ठेवली, तर तिसरीतला नातू आणि सत्तरीतले आजोबा दोघेही श्वास रोखून बसतील.

शिवाय घरी पाहणे म्हणजे आज काय झाले आहे, हे छातीवर हात ठेवून सांगा. एकाच घरात चार खोल्या, चार पडदे, चार कानांत चार बोंडे. मुलगी काय पाहते हे आईला ठाऊक नाही, आणि आई काय पाहते ह्याची मुलीला पर्वा नाही. दोघींनी एका अंधारात, एका रांगेत बसून एकच गोष्ट पाहावी, आणि परतीच्या वाटेवर त्या गोष्टीबद्दल भांडावे, अशी किती निमित्ते आपल्या घरात उरली आहेत? कॉलेजने असे एक निमित्त आपण होऊन निर्माण केले, आणि फाटकावर आईला वेगळे काढले. मुलगी आत गेली, आई घरी आली. त्या रात्री मुलीने जेवताना विचारले, "आई, तू तरी चादरी विकल्या असत्यास का गं?" आणि आईने विचारले, "कसल्या चादरी?" संभाषण तिथेच संपले. माझे सारे भांडण ह्या संपलेल्या संभाषणासाठी आहे.

पाचवा आक्षेप व्यवस्थेचा. "दार उघडे टाकले तर कोणीही शिरेल. मुलींचे वसतिगृह आहे. सभागृह घाण होईल. विजेचे बिल कोण भरणार?" ह्यातली मुलींच्या सुरक्षिततेची काळजी मी थट्टेवारी नेणार नाही. आपल्या मुलीला कॉलेजात पाठवणारा बापही तीच काळजी करतो. पण त्यावर उपाय आहेत, आणि ते अवघड नाहीत. आठवड्याचा एक वार ठरवावा, एकच दार उघडे ठेवावे, येणाऱ्याने वहीत नाव व पाल्याचे नाव लिहावे, चित्रपट सुटला की त्याच दाराने बाहेर जावे. गणेशोत्सवात हजारोंची गर्दी सांभाळणारी आपली पोरे शंभर आईबापांची रांग सांभाळू शकणार नाहीत काय? आणि गंमत अशी की, हेच सभागृह एखाद्या कंपनीच्या समारंभासाठी भाड्याने दिले जाते, तेव्हा फाटकातून कोण कोण आत येते ह्याची कोणी चौकशी करीत नाही. भाडे भरणारा परका चालतो. फी भरणारी आई चालत नाही!

राहिला खर्चाचा प्रश्न. केरळात जॉन अब्राहम आणि त्यांच्या मित्रांनी १९८४ साली 'ओडेसा' नावाचा संघ काढला. चॅप्लिनचा 'द किड' घेऊन ते लोकांपुढे गेले, चित्रपट दाखवला, आणि लोकांकडून देणगी गोळा केली. अशा वर्गणीतून त्यांनी १९८६ साली 'अम्म अरियान' हा संपूर्ण चित्रपट उभा केला. जिथे माणसाला मानाने बसवतात, तिथून तो रिकाम्या हाताने उठत नाही. आरतीच्या तबकात पैसा टाका असे आपल्याकडेही कोणाला सांगावे लागत नाही. सभागृहाच्या दाराशी एक पेटी ठेवावी. विजेचे बिल निघेल.

हे पाच आक्षेप झाले. पण एकट्या कॉलेजांवर कोरडे ओढून मोकळे होणे न्यायाचे नाही. जिथे दार उघडे असते तिथे आपण जातो काय? आपली जातीची तक्रार अशी की चांगले काही होत नाही, आणि होते तेव्हा आपल्याला नेमके लग्नाला जावयाचे असते. गेलो तर वीस मिनिटे उशिरा जातो, पुढल्या रांगेत पिशव्या ठेवून जागा धरतो, मध्येच फोनवर 'सिनेमात आहे, नंतर बोलतो' असे साऱ्या सभागृहाला ऐकवतो, आणि गोष्ट जरा संथ झाली की उठून निघतो. ह्या आपल्या वागण्यानेच फाटकावरच्या सूचना जन्माला येतात. मुक्तद्वाराला कुलूप लावणारी किल्ली पुष्कळदा आत येणाऱ्याच्याच खिशात असते. वाचनालयात पेपर फाडू नये हा नियम आपण पाळतो, तसा इथलाही पाळावा लागेल.

कोणी म्हणेल, महोत्सव आहेत की. पुण्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव २००२ पासून भरतो. २००४ पासून भारताचा महोत्सव गोव्यात, पणजीला असतो. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ आहे. ह्या साऱ्यांचे ऋण मोठे आहे. पण महोत्सव ही दिवाळी आहे आणि दिवाळी वर्षातून एकदाच येते. चकली-अनारशांवर वर्ष निघत नाही. रोजची भाजी-भाकरी लागते. चित्रपट मंडळाची वर्गणी भरणारा माणूस आधीच जागा झालेला असतो. ज्याला अजून भूकच लागलेली नाही, त्याच्या घराजवळ आठवड्याला एकदा ताट मांडावयाचे काम कॉलेजानेच करावे. कारण सभागृह, पडदा, खुर्च्या, वीज आणि तरुण हात ही पाचही एका जागी, तालुक्याच्या गावातसुद्धा, फक्त त्याच्याकडेच आहेत.

शेवटी एक व्यावहारिक सूचना करतो आणि लेखणी खाली ठेवतो. दिवाळीची सुटी आता संपेल, कॉलेजे पुन्हा उघडतील, फलक पुन्हा लागतील. तुमच्या मुलाच्या वा मुलीच्या कॉलेजात असा चित्रपट असेल, तर त्या दिवशी स्वयंपाक लवकर उरका आणि जा. मात्र जाताना घरातल्या कपाटातून ह्या वर्षीची फीची पावती काढून बरोबर घ्या. तिच्यावरची बारीक अक्षरे वाचा. शिकवणीच्या फीखाली ग्रंथालय, जिमखाना, सांस्कृतिक उपक्रम अशी एकेक बाब आणि तिच्यापुढे रक्कम लिहिलेली असते. म्हणजे जो चित्रपट आपल्याला फुकट म्हणून सांगितला जातो, त्याचे पैसे आपण जूनमध्येच भरले आहेत.

वॉचमनने कार्ड विचारले, तर रागावू नका. पावती दाखवा, पाल्याचे नाव सांगा, आणि शांतपणे म्हणा, "मी आतल्या सर्वांपैकीच आहे." ताईने तिची पावती पर्समध्ये घालून ठेवली आहे.